अठराचे दोन

विब्के त्यार्क्सला माणूस ओळखायला चहाचा एक कप पुरायचा. कपात आधी खडीसाखरेचा खडा टाकायचा, त्यावर कढत चहा ओतायचा, खडा तडकल्याचा आवाज आला की कडेनं हलकेच साय सोडायची आणि मग ढवळायचं नाही. उत्तर जर्मनीतल्या लेअर गावात हे पोराटोरांनाही कळतं. वर साय, मध्ये कडू, तळाशी गोड, असं ते पीत खाली जायचं असतं. कंपनीचा नवा साहेब टॉर्बेन ह्यूल्समान पहिल्याच दिवशी तिच्या टेबलाशी येऊन बसला. तिनं रीत म्हणून कप पुढे केला, तर या गृहस्थानं चमचा घालून असा घुसळला की जणू लोणीच काढायचं आहे. विब्केनं त्याच दिवशी त्याच्याबद्दलचं मत कायम केलं. पुढे इतकी वर्षं गेली, पण ते बदलावं असं काही त्यानं केलं नाही.

टॉर्बेन आला होता फ्रांकफुर्टहून. त्याआधी तो इंटरनेटवरून गाद्या विकत असे. माणूस गोरागोमटा, दात छान, बोलताना दोन्ही हात हवेत उघडे ठेवायचा, एखादं अदृश्य कलिंगड पेलून धरल्यासारखे. त्यानं जुन्या दूधडेअरीच्या इमारतीतल्या त्या ऑफिसात आल्या आल्या भिंतीवर ‘आम्ही प्रवाह आहोत’ असं लिहून घेतलं. समुद्रापेक्षा खालच्या पातळीवर राहणाऱ्या लोकांना प्रवाहाचं कौतुक सांगणारा हा पहिलाच माणूस. प्रवाह म्हणजे काय ते विब्केच्या बापाला विचारायला हवं होतं. कुरणात पाणी चढलं की त्यानं जन्मभर गायींच्या पोटाखालून तोच उपसला.

विब्केचं वय चोपन्न. अंगानं उंच, हाडं रुंद, केस तिनं स्वतःच कापलेले. तिला आवडणाऱ्या गोष्टी मोजायला एका हाताची बोटं पुरली असती. न आवडणाऱ्यांना अख्खं गाव उभं केलं तरी बोटं कमीच पडली असती. नवऱ्याला तिनं सोडलं, तर लोकांना वाटलं बाईबिईचं काही असेल. तसं काही नव्हतं. तो माहितीपुस्तिका न वाचता यंत्रं जोडायचा. तीन वेळा समजावून चौथ्या वेळी धुलाईयंत्राचं पाणी जेव्हा स्वयंपाकघरात आलं, तेव्हा ती म्हणाली, “माझं काही म्हणणं नाही. फक्त मी आता दुसऱ्या घरात राहणार.”

ऑफिसात ती जे काम करायची ते असं. तिथं एक प्रोग्रॅम बनत असे, जो एकाच संगणकात दोन-तीन संगणक असल्याचं सोंग वठवतो. एक सोंगाडी संगणक पाण्याचे पंप चालवतो, दुसरा पडद्यावर आकडे दाखवतो, आणि दोघांनाही वाटतं की अख्खं यंत्र आपल्याच बापाचं. सेन्सरकडून, पंपाकडून, घड्याळाकडून सारख्या हाका येत असतात, ‘माझ्याकडे बघ, माझ्याकडे बघ’ म्हणून. त्या हाका योग्य सोंगाड्यापर्यंत पोचवणं हा विब्केचा भाग. चिपमध्ये त्यासाठी कप्पे असतात. कप्प्यात हाक ठेवली की सोंगाडी ती आपसूक उचलतो. कप्पे कमी पडले तर एक काढा, दुसरी ठेवा, पुन्हा पहिली ठेवा, अशी धावाधाव प्रोग्रॅमला स्वतः करावी लागते. हा भाग तिनं बारा वर्षांपूर्वी लिहिला होता. त्याला कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

त्या उन्हाळ्यात टॉर्बेननं वेस्टरझील गावच्या पंपघराला नवा संगणक विकला. चिप नवी, महागाची, आधीच्यापेक्षा कितीतरी दांडगी. जुन्या चिपमध्ये कप्पे चार होते, हिच्यात अठरा. खरं तर ती आधी ऑफिसातल्या चाचणीच्या टेबलावर यायला हवी होती. पण टॉर्बेननं तारीख कबूल केली होती आणि स्थानिक पेपरचा फोटोग्राफरही बोलावला होता. तेव्हा चाचणी जुन्याच चिपवर उरकली आणि नवी चिप थेट पंपघरात बसली. फोटो झकास आला. टॉर्बेन पंपावर हात ठेवून उभा, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. शेजारी पंपघराचा राखणदार फोको बेहरेंड्स. तो कॅमेऱ्याकडे न बघता टॉर्बेनच्या बुटांकडे बघत होता.

ऑक्टोबरात पाऊस लागला आणि पंपांनी नांगी टाकली. साधा पाऊस असेपर्यंत सगळं ठीक. जोर वाढला, चर भरून आले, सगळे सेन्सर एकदम बोलायला लागले की पंप चालवणारा सोंगाडी गपकन बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा, जरा चालून पुन्हा बंद. दर वेळी पंप थांबत. खालच्या कुरणांत पाणी चढलं. पंपघर चालवणाऱ्या पाणीमंडळाचा अध्यक्ष रेम्ट गेर्देस, त्याच्या गोठ्यात घोटाभर पाणी आलं, गायी बांधावर नेऊन उभ्या कराव्या लागल्या आणि वर्षाचं गवत भिजून काळं पडलं.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं टॉर्बेननं आधी सेन्सरला दोष दिला, मग तारांना, मग दमट हवेला. शेवटी त्याला हवा होता तो माणूस सापडला. फोको बेहरेंड्स सत्तरी ओलांडलेला, हट्टी, त्याच्या पंपघरात चिपांच्या आधीपासून एक लोखंडी चाक होतं आणि ते तो अजून दर आठवड्याला तेल घालून फिरवायचा. अशा माणसावर काहीही खपतं. टॉर्बेननं मंडळाला कळवलं की ‘चालकाकडून हाताळणीत त्रुटी झाल्याचं दिसतं.’ मंडळानं शनिवारच्या सभेत फोकोला कामावरून दूर करायचा विषय घेतला.

आणि विब्केला काय वाटलं? तिलाही तेच वाटलं. हे सांगायलाच हवं. तिचा तिरस्कार काही न्यायाच्या तराजूतून मोजून येत नव्हता. टॉर्बेन मूर्ख हे ठरलेलं होतं, पण म्हणून फोको शहाणा ठरत नव्हता. म्हाताऱ्यानं बटणं दाबली असणार, ती मनाशी म्हणाली, आणि लॅपटॉप घेऊन वेस्टरझीलला निघाली ती हे सिद्ध करायलाच.

पंपघराबाहेर पाऊस आडवा येत होता. फोको दारात उभा होता, तोंडात विझलेला पाइप.

“मोइन,” तिनं तिकडचा रामराम घातला.

“मोइन. फोटोवाला नाही आला?”

“नाही. मी प्रोग्रॅमवाली, त्यार्क्स. बेहरेंड्स, सरळ विचारते. बंद पडल्यावर तुम्ही बटणं दाबलीत का?”

“दाबली.”

“का दाबलीत?”

“तुमच्या साहेबाचं नाक हाताशी नव्हतं म्हणून.”

विब्केनं हसू आवरलं आणि लॅपटॉप जोडला. फोको मागे उभा राहून बघत होता. त्याच्या अंगाला तेलाचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता.

“हे बघा बाई,” तो म्हणाला, “हे चालतं कसं ते मला कळत नाही, आणि कळतं असं मी म्हणतही नाही. पण बिघडतं कसं ते रोज बघतोय. बिचारा चालत असतो. मग पाऊस वाढला की सगळ्या बाजूंनी याला हाका मारतात. तो हिच्याकडे वळतो, तिच्याकडे वळतो, आणि मग खाली बसतो. आमची थोरली सून अशीच करते.”

“अनुभवी दिसता,” विब्के म्हणाली, आणि तिनं तिच्या गावच्या बोलीत एक शिवी हासडली, कारण सोंगाडी तिच्या डोळ्यांदेखत बंद पडला होता. पंपाचा घुमारा थांबला. पावसाचा आवाज एकदम मोठा झाला.

फोकोनं तोंडातून पाइप काढला. “अगं, तू आमच्या मार्शमधली, या सखल मुलखातली आहेस की! त्यार्क्स म्हणजे कुठले त्यार्क्स? हिन्रिकची पोर का?”

“धाकटी.”

“मग तू यांच्यात काय करतेस?” त्यानं ‘यांच्यात’ हा शब्द असा उच्चारला, जणू एखाद्या सांसर्गिक रोगाचं नाव.

सोंगाडी पुन्हा उठत होता. उठताना प्रोग्रॅम चार ओळी लिहून दाखवतो, यंत्रात काय काय सापडलं ते. घड्याळ सापडलं. दोन पंप सापडले. तिसरी ओळ विब्केनं एकदा वाचली आणि खो-खो हसली.

“काय झालं?” फोकोनं विचारलं.

“हा गाढव म्हणतो, चिपमध्ये हाकांचे कप्पे दोनच आहेत. आहेत अठरा. दोन म्हणे! कुठल्या शहाण्यानं—” आणि तिचं हसू तोंडातच राहिलं. कारण तो शहाणा कोण, ते तिला माहीत होतं.

चिप आपले कप्पे किती ते एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आपल्या पोटातल्या आकड्यांच्या एका पट्टीत, सांगते. त्या रजिस्टरमध्ये इतरही बरीच माहिती दाटीवाटीनं बसलेली असते, म्हणून प्रोग्रॅम त्यावर एक मास्क ठेवतो. हवे तेवढे अंक दिसतात, बाकीचे झाकले जातात. कप्प्यांच्या आकड्याला चिपवाल्यांनी पाच घरं दिली होती. विब्केच्या मास्कला भोकं होती चारच. चिप मोजते शून्यापासून, म्हणून अठरा कप्प्यांसाठी ती सतरा सांगते, आणि यंत्राच्या लिपीत सतरा म्हणजे एक, मग तीन शून्यं, मग एक. डावीकडचा एक मास्कखाली गेला. उरला उजवीकडचा एक. शून्यापासून एक, म्हणजे दोन कप्पे. अठराचे दोन झाले ते असे. चिप जेवढी दांडगी घेतली तेवढी ती दरिद्री ठरली. आणि दोन कप्प्यांत वीस हाका कोंबता कोंबता प्रोग्रॅम इतका हैराण व्हायचा की पंपवाल्या सोंगाड्याला श्वास घ्यायला वेळ मिळेना. ‘मी जिवंत आहे’ एवढं वेळेवर सांगणंही त्याला जमेना. मग त्याच्यावर नेमलेला पहारेकरी त्याला मेला समजून पुन्हा जन्माला घाली.

ही चार भोकं बारा वर्षांपूर्वी तिनं अजाणता ठेवली असती तर एक वेळ चाललं असतं. पण एनो डिर्कसेन, तिच्या समोरच्या टेबलावर बसणारा, तेव्हा म्हणाला होता, “विब्के, माहितीपुस्तिकेत पाच घरं आहेत.” आणि ती भर ऑफिसात म्हणाली होती, “सोळापेक्षा जास्त कप्पे कोण बांधणार? तुझ्या आजीचं शिवणकामाचं कपाट आहे का ते?” सगळे हसले होते. एनो हसला नव्हता. नवऱ्याला ज्या पापासाठी सोडलं, तेच पाप तिनं केलं होतं, वर टाळ्याही घेतल्या होत्या.

“सापडलं वाटतं,” फोको म्हणाला.

“सापडलं. आमच्याकडचं आहे.”

“आमच्याकडचं म्हणजे कुणाकडचं?”

“माझ्याकडचं.”

फोकोनं मान हलवली. तो रागावला नाही, ओरडला नाही. लोखंडी चाकाशी गेला, ते फिरवायला लागला. हातानं जेवढं पाणी निघेल तेवढं.

“दुरुस्त करून आणते,” विब्के म्हणाली.

“यंत्र होईल दुरुस्त. पण शनिवारी ही सगळी मंडळी हात वर करणार, फोकोला काढा म्हणून. माझी दुरुस्ती कोण करणार? तुझा गादीवाला?”

विब्के लॅपटॉप काखेत मारून अशी तडक निघाली की छत्री तिथंच विसरली.

ऑफिसात येऊन तिनं मास्क रुंद केला. काम केवढं, तर कोडमध्ये ‘एफ’ असं एक अक्षर होतं, त्याच्या आधी एक आकडा घालायचा. घातला, आणि नियमाप्रमाणे तपासायला एनोकडे पाठवून दिला. समोरच्या टेबलावर एनोच्या पडद्यावर काहीतरी चमकलं. तो पडद्याजवळ झुकला. त्यानं चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. असा आनंद माणसाच्या चेहऱ्यावर साधारणतः लेकाच्या लग्नातच दिसतो.

“विब्के,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सोळापेक्षा जास्त कप्पे कोण बांधणार?”

“झालं तुझं?”

“तुझ्या आजीचं शिवणकामाचं—”

“एनो, बारा वर्षं तू हे वाक्य पाठ करून ठेवलंयस?”

“रोज म्हणायचो. दात घासताना.”

“मग आता मंजूर कर आणि चूळ भर.”

“नाही करणार,” एनो म्हणाला, आणि त्याचा आनंद आणखी वर चढला. “नामंजूर.”

“एका आकड्याचा बदल नामंजूर? का?”

“कारण तू अजूनही वाचत नाहीस. मास्क रुंद केलास, छान. आता प्रोग्रॅमला अठरा कप्पे दिसणार. सोंगाडी बदलताना या कप्प्यांतलं सगळं तू उचलून कुठे ठेवतेस?”

विब्केनं कोड उघडला. ठेवायच्या जागा तिनं मोजून सोळाच केल्या होत्या. तेव्हाच्या तोऱ्यात तेही आलंच. सतरावा आणि अठरावा कप्पा शेजारच्या जागेत जाऊन सांडला असता, आणि शेजारी काय होतं, तर पंपांना द्यायचे हुकूम. आत्तापर्यंत पंप थांबत तरी होते. तिची घाईची दुरुस्ती तशीच गेली असती, तर ते उलटे फिरले असते की काय, देव जाणे.

एनो हा काही संत नव्हता. तो कद्रू, खुनशी आणि जेवणाच्या डब्यात रोज तोच लिव्हर सॉसेजचा ब्रेड आणणारा माणूस होता. विब्के त्याला मनापासून तुच्छ लेखत असे आणि तोही तिला. पण त्या दुपारी दोघं शेजारी बसले आणि ठेवायच्या जागा वाढवल्या. नवी चिप या वेळी खरोखर चाचणीच्या टेबलावर आणली. तिचा दुसरा नग टॉर्बेननं एका काचेच्या पेटीत, भेटायला येणाऱ्यांना दाखवायला ठेवला होता. एनोनं पेटी उचकटली. वीस खोट्या सेन्सरांच्या हाका एकदम सोडल्या. तिसरी ओळ म्हणाली, अठरा. सोंगाडी उभा राहिला तो उभाच राहिला.

काच फुटल्याचा आवाज टॉर्बेननं ऐकला होता, पण तो खोलीतून बाहेर आला तो आत्ता. विब्केनं त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं.

“ग्रेट,” तो म्हणाला. अदृश्य कलिंगड वर गेलं. “म्हणजे आपल्याकडे आता ‘अतिवृष्टी कार्यक्षमता आवृत्ती’ आहे. ही गोष्ट आपण शनिवारी सकारात्मक पद्धतीनं मांडू.”

“ही आवृत्ती नाही. ही चूक आहे. माझी.”

“चूक हा शब्द फार जुना झाला, विब्के.”

“बरं, मग गाढवपणा म्हण. तो त्याहून जुना आहे. आणि तू मंडळाला सांगितलंस की फोकोनं बिघडवलं.”

“चालकाची हाताळणी हाही एक घटक होताच ना? त्यानं बटणं दाबली. आपण काही खोटं बोललो नाही.” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “हे बघ, आणखी आठ पाणीमंडळं आपल्याकडे डोळे लावून बसलीत. एका म्हाताऱ्याला तसंही आता विश्रांती हवीच असेल. शनिवारी तू यायची गरज नाही. मी सांभाळतो.”

“अळीमिळी गुपचिळी,” एनो चष्म्यावरून म्हणाला.

“मला एवढंच म्हणायचंय की आपण एक टीम आहोत.”

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, आणि फासाची दोरीही प्रवाहाच्या रंगाची रंगवायची, ही टॉर्बेनची रीत विब्केला नवी नव्हती. नवं एवढंच होतं की या खेपेला चोर ती होती. टॉर्बेनचं ऐकलं असतं तर तिला कुणीही कधीही काही बोललं नसतं. हे फार सोयीचं होतं, आणि जे टॉर्बेनच्या सोयीचं ते आपल्याही सोयीचं, याची तिला शिसारी आली. चांगुलपणा वगैरे तिच्या डोक्यात होता असं म्हणवत नाही. शिसारीवरच तिचं भागलं.

शनिवारी दुपारी वेस्टरझीलच्या खानावळीत सभा भरली. बांधाकडेची जमीन असणारे सगळे आले होते. टेबलांवर केल नावाची हिरवी पालेभाजी, भरड सॉसेज, उकडलेले बटाटे. मंडळाची रीत अशी की आधी पोटभर खायचं, मग भांडायचं. फोको कोपऱ्यात एकटा बसला होता, ताट जवळजवळ कोरं. टॉर्बेन पडद्याशी चित्रं लावत होता. विब्केला दारात पाहून त्याचे दात आत गेले.

रेम्ट गेर्देस उठला. बोकडासारखी दाढी, आवाज मोठा. “तर मंडळी, माझ्या गायी बांधावर उभ्या होत्या ते तुम्ही पाहिलंत. ह्यूल्समान साहेबांनी स्पष्ट कळवलंय की हाताळणी चुकली. मला फोकोबद्दल वैयक्तिक काही—”

“रेम्ट, खाली बस,” विब्के गावच्या बोलीत म्हणाली. “हाताळणी नाही चुकली. प्रोग्रॅम चुकला. मी लिहिलेला.”

खोलीत काटेचमचे थांबले.

“तू कोण?” कुणीतरी विचारलं.

“हिन्रिक त्यार्क्सची धाकटी. यंत्र आपले कप्पे किती ते सांगतं. तो आकडा वाचायला मी मास्क ठेवला होता. तो अरुंद पडला.”

“नाकाखाली आला असेल,” मागून आवाज आला. खोली हसली. विब्केनं त्यांना हसू दिलं. त्यांचा हक्कच होता.

“बरोबर बोललात. नाकाखाली आला, आणि नाकही माझंच होतं. पाच घरं बघायची होती, मी चार बघितली. यंत्र म्हणत होतं अठरा, आम्ही वाचत होतो दोन. पाऊस वाढला की काम दोन जणांवर पडायचं आणि सोळा जण बसून राहायचे.”

“म्हणजे मंडळासारखंच,” फोको कोपऱ्यातून म्हणाला.

या वेळी हसू आलं ते जरा जपून.

रेम्टनं दाढी ओढली. “अठराचे दोन? बाई, तुम्ही शाळेत कुठे होतात?”

“तुझ्याच वर्गात, रेम्ट. पाढे तू माझ्या पाटीवर बघून लिहायचास.”

आता मात्र छत हललं. टॉर्बेननं ती संधी साधली. हात उघडून तो पुढे आला. “हेच! हाच मोकळेपणा! आम्ही एक शिकणारी संस्था आहोत, आणि अतिवृष्टी आवृत्तीमुळे—”

“तुम्हाला हे कधी कळलं?” समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या शेतकरणीनं विचारलं.

“या आठवड्यात. प्रक्रिया चालू होती.”

“मग आमच्या फोकोचं नाव मागे घ्यायची प्रक्रिया कुठपर्यंत आलीय?”

टॉर्बेननं विब्केकडे बघितलं. ती केलची भाजी वाढून घेत होती.

फोकोला काढायच्या ठरावावर हात वर करायला सांगितलं तेव्हा एकही हात वर झाला नाही, रेम्टचासुद्धा. माफी कुणी मागितली नाही. तिथं तशी पद्धत नाही. रेम्टनं सॉसेजची थाळी उचलली आणि फोकोच्या पुढ्यात नेऊन ठेवली, आणि दोनाच्या जागी तीन वाढले. फोकोनं ते तिन्ही सावकाश खाल्ले, तोंड पुसलं आणि उभा राहिला.

“झालं ना? आता मी काम सोडतो.”

“अरे पण आता तर तुला कुणी काढत नाहीये!” रेम्ट म्हणाला.

“म्हणूनच. गुडघे दुखतात माझे. उन्हाळ्यातच सोडणार होतो. पण तुम्ही ढकलायला लागलात, मग कसा जाऊ? आता जातो. किल्ली घे.”

किल्ली घ्यायला कुणी पुढे येईना. एकाला म्हशीएवढी कारणं होती, दुसऱ्याला पाठदुखी, तिसरा आडवाटेला राहत होता. शेवटी ती अध्यक्षाच्याच गळ्यात पडली, आणि पाऊस लागला की पहाटे उठून पंपघराकडे जायचं रेम्टच्या नशिबी आलं. नोव्हेंबरात मोठं वादळ झालं. पंप एकदाही थांबले नाहीत. रेम्टनं तरीही विब्केला फोन केला, आवाज न करता चालतंय ते ठीकच आहे ना, हे विचारायला.

“ठीक आहे. घरी जाऊन झोप,” ती म्हणाली.

“आणि ते लोखंडी चाक?”

“त्याला तेल घाल. फोकोला विचार कुठलं.”

टॉर्बेननं विब्केला काढलं नाही. हाकांचा भाग अंगावर घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं, आणि ती कंपनीची अडचण होती, विब्केची नव्हे. वसंतात त्यानं ब्रेमेनच्या एका परिषदेत ‘चुका साजऱ्या करण्याची संस्कृती’ यावर व्याख्यान दिलं. त्यात एका आकड्याची गोष्ट होती, खानावळ होती, हसणारे शेतकरी होते. फोको नव्हता. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या म्हणे. एनो गेला होता ऐकायला, फुकट जेवण होतं म्हणून. परत येऊन त्यानं विब्केला सगळं व्याख्यान कलिंगडासकट करून दाखवलं.

त्याआधीच, हिवाळ्यात, दोघांनी एक काम अंगावर घेतलं होतं. सगळे मास्क एकेक करून पुन्हा तपासायचे, अंदाजानं नाही, माहितीपुस्तिका उघडून. रोज दुपारी एनो मोठ्यानं वाचायचा, ‘घरं सहा’, आणि विब्के पडद्यावर मोजून म्हणायची, ‘सहा’. हे इतकं कंटाळवाणं होतं की दोघं एकमेकांच्या उच्चारांवरून, चहावरून, सॉसेजवरून भांडत राहिले. विब्केला कबूल करायचं नव्हतं, पण दुपारची ती वेळ झाली की ती दोन कप काढायची. एनो ढवळत नसे, एवढं तरी होतं.

आणखी दोन अरुंद मास्क सापडले. एक तिचा, एक एनोचा.

एनोचा सापडला तेव्हा तो वाचायचा थांबला आणि कानापर्यंत लाल झाला. त्यानं तिच्याकडे बघितलं. आता तिच्या तोंडून काय येणार, हे त्याला ठाऊक होतं. विब्केलाही ठाऊक होतं. ती काही आता साध्वी झाली नव्हती.

“एनो,” ती पूर्ण कॉरिडॉरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “हे तू दात घासताना लिहिलंस का?”

मग तिनं त्याच्या कपात चहा ओतला, आणि त्यानं पान उलटलं.